चिमुकल्यांचा नाताळ : थोड्या वस्तू, भरपूर सोबत

नाताळ जवळ आला की प्रत्येक मंडळीत कामांची यादी तयार होते. गायनाचा सराव, मुलांची नाटिका, फराळ, आकाशकंदील, चर्चची रंगरंगोटी. आठ-दहा वर्षांच्या मुलांना या सगळ्यात मानाचा वाटा मिळतो. कोणी मेंढपाळ होतो, कोणी देवदूत, कोणी मागी लोकांपैकी एक. एक ते तीन वर्षांच्या लेकरांच्या वाट्याला मात्र बहुधा एकच काम येते, ते म्हणजे गप्प बसणे. ‘हात लावू नकोस’, ‘सांडशील’, ‘तुला कळत नाही’ हेच शब्द त्यांना सणात सर्वांत जास्त ऐकू येतात.

या अंकात आपण याच लेकरांविषयी बोलणार आहोत. घरातल्या, मंडळीतल्या किंवा पाड्यावरच्या अगदी लहान मुलासोबत नाताळाच्या दिवसांत काय करता येईल, याचे हे साधे मार्गदर्शन आहे. यातल्या एकाही गोष्टीला बाजारात जावे लागत नाही. लागतो तो मोठ्या माणसाचा दहा-पंधरा मिनिटांचा वेळ आणि मुलाशी चाललेले बोलणे. हे दोन्ही असले तर सण शहरातल्या फ्लॅटमध्ये जितका भरेल तितकाच कुडाच्या घरातही भरेल.

या वयाचे मूल कोणाच्या हाती असते?

आदिवासी भागातल्या कामाला मदत करणाऱ्या बंधुभगिनींच्या डोळ्यांसमोर बहुधा शाळा, वसतिगृह किंवा बालवाडी असते. पण एक ते तीन वर्षांचे मूल बालवाडीत बसत नाही. आपल्या देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाड्या गावोगाव पोचल्या. या योजनेत सहा वर्षांपर्यंतची सगळी मुले येतात. तरी अंगणवाडीत रोज येऊन शिकणारी मुले तीन वर्षांच्या पुढची असतात. त्याहून लहान मुलांचे वजन होते, लसीकरण होते, घरी न्यायचा आहार मिळतो. दिवस मात्र घरातच जातो. म्हणजे या वयाच्या मुलाची शिक्षिका त्याची आई असते. आई कामावर गेली की आजी असते, आणि आजीही नसली तर सात-आठ वर्षांची ताई असते.

या वयात मूल झपाट्याने शिकते. चालायला, बोलायला, वस्तू ओळखायला, माणसांवर विश्वास ठेवायला ते याच दोन-तीन वर्षांत शिकते. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये लहान मुलांच्या संगोपनासाठी एक आराखडा मांडला. त्यात पाच गोष्टी सांगितल्या आहेत : आरोग्य, पुरेसे पोषण, सुरक्षितता, मुलाच्या हाकेला मायेने ओ देणारी माणसे आणि लहानपणापासून शिकण्याची संधी. पहिल्या तीन गोष्टींची आपल्याकडे चर्चा होते. शेवटच्या दोन मात्र ‘मूल आपोआप वाढते’ या समजाखाली राहून जातात.

खेळ कुपोषित मुलासाठी चैन नाही

‘ज्या घरात पोटभर खायला नाही तिथे खेळाचे काय सांगता?’ असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर जमैका देशातल्या एका अभ्यासाने दिले आहे.

१९८६-८७ च्या सुमारास किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील १२९ मुलांवर हा अभ्यास सुरू झाला. ही मुले ९ ते २४ महिन्यांची होती आणि कुपोषणामुळे त्यांची उंची खुंटली होती. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात असे. टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी ती सोबत नेई आणि मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवी. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनंतर ही मुले कमावती झाली, तेव्हा संशोधकांनी त्यांना पुन्हा शोधून काढले. ज्यांच्या घरी खेळाच्या भेटी झाल्या होत्या, त्यांची कमाई तशाच इतर कुपोषित मुलांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाली. हे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

यावरून आहाराची गरज कमी ठरत नाही. पोटाला अन्न हवेच. पण अन्नासोबत बोलणारे, खेळणारे माणूस मिळाले, तर खुंटलेले मूलही पुढे उभे राहते. म्हणून खाली दिलेले खेळ सणाच्या निमित्ताने सुरू करायचे असले, तरी सणानंतर थांबवायचे नाहीत.

आपल्या महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये वाढले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. परदेशी पद्धतीची महाग साधने परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, पाने, बिया अशा हाताशी असलेल्या वस्तूंवर शिकवले. आपणही तेच करू.

सुरुवात करण्यापूर्वी तीन गोष्टी

पहिली, या वयाचे मूल एका कामात काही मिनिटेच रमते. पाच मिनिटांत उठून गेले तर खेळ फसला असे समजू नये. ते पुन्हा येईल.

दुसरी, मुलाला वस्तू तयार होण्यात रस नसतो, करण्यात असतो. तारा वाकडा झाला, तोरणात तीनच पाने आली, तरी चालेल. आपण मागाहून सरळ करत बसलो की मूल समजते, आपले काम आवडले नाही.

तिसरी, बोलणे मुलाच्या घरच्या भाषेत असावे. पावरी, मावची, वारली, कोकणी, कातकरी, गोंडी, कोरकू, जी भाषा आई बोलते तीच. प्रमाण मराठी शाळेत येईलच. पहिले शब्द ज्या भाषेत पक्के होतात, त्यांच्याच आधाराने दुसरी भाषा उभी राहते. शहरातल्या आईबाबांनाही हेच लागू आहे. तुटक इंग्रजीपेक्षा घरातली भरभरून मराठी मुलाला जास्त देते.

१. हात लावता येईल अशी गव्हाणी

साहित्य : सूप किंवा खोके, भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत, माती, जुन्या कापडाची बाहुली.

इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ च्या नाताळात असिसीचे संत फ्रान्सिस यांनी गवताने भरलेली गव्हाण, एक बैल आणि एक गाढव आणवून लोकांना ख्रिस्तजन्माचा देखावा दाखवला. गावकऱ्यांना रोज दिसणाऱ्या वस्तूंतून ती रात्र समजावी, हा त्यांचा हेतू होता. आज आपण काचेच्या किंवा प्लास्टरच्या मूर्ती आणतो, उंचावर ठेवतो आणि लहान मुलाला लांबून दाखवतो. ज्याला हातांनीच सगळे कळते, त्याला ती गव्हाणी कळणार कशी?

म्हणून घरात एक गव्हाणी मुलाच्या उंचीवर, जमिनीवर असू द्या. पाड्यावरच्या मुलाला गव्हाण शिकवावी लागत नाही. गोठा त्याच्या घरालाच लागून असतो, पुष्कळदा त्याच छपराखाली असतो. पालघर-डहाणूकडे डिसेंबरात भाताचा पेंढा असतो, नंदुरबार-धुळ्याकडे ज्वारीचा कडबा. मुलाने मूठमूठ पेंढा आणून सुपात टाकावा. मोठ्यांनी मातीचा बैल, शेळी, कोंबडी करावी. मुलाला मातीचा गोळा द्यावा. त्याने तो नुसता थापला तरी ‘ही तुझी मेंढी’ म्हणून गव्हाणीजवळ ठेवावा.

मग बोलणे सुरू होते. ‘बकरी कुठंय? बकरी कशी ओरडते? बाळाला थंडी वाजते का? टाक आणखी गवत.’ एक वर्षाचे मूल नुसते बोट दाखवील, दोन वर्षांचे आवाज काढील, तीन वर्षांचे गोष्ट सांगू लागेल. मूल रोज ही गव्हाणी मोडेल आणि रोज पुन्हा भरेल. भरणे आणि रिकामे करणे हा या वयाचा सर्वांत आवडता खेळ आहे. चोवीस तारखेपर्यंत तो रोज चालू द्या.

२. बाळासाठी झोळी आणि अंगाई

साहित्य : जुने लुगडे किंवा ओढणी, कापडाची बाहुली.

दोन वर्षांच्या आसपास मुले मोठ्यांची नक्कल करू लागतात. आपल्याला जसे न्हाऊ घातले, दुपट्यात गुंडाळले, झोळीत निजवले, तसे ते बाहुलीला करू पाहतात. जुन्या कापडाची गुंडाळी करून, गाठ मारून डोके करावे. डोळे कोळशाने किंवा दोऱ्याने काढावेत. बटण किंवा मणी लावू नये. मुलाने बाळाला कापडात गुंडाळावे, मांडीवर घ्यावे, थोपटावे.

खाटेच्या दोन पायांना कापड बांधून लहानशी झोळी करता येते. ती जमिनीपासून वीतभर उंच असावी आणि मोठे माणूस जवळ असतानाच बांधावी. खेळ संपला की सोडून ठेवावी, म्हणजे दोरी किंवा कापड मुलाच्या गळ्यात अडकणार नाही.

झोळीला झोका देताना घरातली अंगाई म्हणावी. प्रत्येक समाजात, प्रत्येक बोलीत अंगाई आहे. नाताळगीत म्हणून वेगळे काही पाठ करावे लागत नाही. आजीला येते तीच अंगाई त्या बाळासाठी गावी. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही हा खेळ द्यावा. बाळाची काळजी घेणे मुलग्यालाही शिकता येते, आणि त्याला दोन वर्षांच्या वयात त्याची लाज वाटत नसते.

३. फाडलेल्या कागदाचा तारा, पानांचे तोरण

साहित्य : जुनी वर्तमानपत्रे किंवा रंगीत कागद, बांबूच्या कामट्या, भाताची शिते, आंब्याची किंवा इतर मोठी पाने.

कात्री या वयात नको. कागद फाडणे मुलाला फार आवडते आणि त्याने बोटांना ताकद येते. मोठ्यांनी कामट्यांचा तारा बांधावा, त्यावर मोठा कागद लावून द्यावा. मुलाने कागदाचे कपटे फाडून त्यावर चिकटवावेत. डिंकाची बाटली नको. पतंग चिकटवायला वापरतो तशी भाताची शिते किंवा पिठाची खळ पुरते. तोंडात गेली तरी अपाय नाही.

तोरणासाठी पाने वेचायला मुलाला सोबत न्यावे. ‘हे मोठं, हे छोटं. हे हिरवं, हे पिवळं. हे खरखरीत, हे गुळगुळीत.’ या फेरफटक्यातच अर्धा खेळ होतो. पाड्यावरच्या आजीला झाडांची जितकी नावे येतात, तितकी आपल्यापैकी फार थोड्यांना येतात. नातवाला तिने ती सांगावीत, यासारखे शिक्षण नाही. पाने दोऱ्यात ओवायचे काम मोठ्यांचे, एकेक पान हातात देण्याचे काम मुलाचे.

४. हाताचा ठसा

साहित्य : तांदळाचे पीठ, पाणी, गेरूने सारवलेली भिंत किंवा तपकिरी कागद.

तांदळाचे पीठ पाण्यात दाट कालवावे. मुलाचा तळवा त्यात बुडवून भिंतीवर किंवा कागदावर उमटवावा. गेरूच्या भिंतीवरचा पांढरा रंग वारली घरांत ओळखीचाच आहे. शहरात खाकी वेष्टनाचा कागद चालेल. तो नंतर नाताळाचे भेटपत्र म्हणून आजीआजोबांना पाठवता येतो.

ठशाखाली साल लिहावे. पुढच्या नाताळात शेजारी नवा ठसा उमटवावा. हात किती वाढला हे मूल आणि आई दोघेही पाहतील. अंगणवाडीत दर महिन्याला वजन-उंची मोजली जाते, पण तो आकडा आईच्या लक्षात राहतोच असे नाही. भिंतीवरचा हात मात्र ती रोज पाहते. वाढ कमी वाटली तर अंगणवाडीताईला किंवा आशाताईला विचारायचे, एवढी आठवण त्यातून राहिली तरी ठशाचे काम झाले.

५. पिठाचा गोळा

फराळाच्या दिवशी लहान मूल स्वयंपाकघरात नको असते. पण त्याला बाहेर बसवले की ते रडते आणि कामही होत नाही. त्यापेक्षा तेलाच्या कढईपासून दूर, दुसऱ्या कोपऱ्यात त्याला ताटली आणि पिठाचा गोळा द्यावा. करंजीच्या पिठाचा असो, नागलीच्या किंवा ज्वारीच्या भाकरीचा असो. थापणे, दाबणे, लाटण्याने लोळवणे, बोटाने भोक पाडणे, सगळे त्याला करू द्यावे. वसई-मुंबईकडे आणि गोव्यात नाताळाला कुलकुल करतात. त्यात पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ कंगव्यावर दाबून गुंडाळतात. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला हे दाबण्याचे काम छान जमते.

कच्चे पीठ खायचे नाही हे सांगावे. त्याने केलेली छोटी भाकरी वेगळी भाजून त्यालाच द्यावी. ‘ही मी केली’ असे म्हणून खाणारे मूल एरवी टाळतो तो घासही खाते, हा पुष्कळ आयांचा अनुभव आहे.

६. डबा, थाळी आणि टाळ्या

रिकामा डबा, लाकडी चमचा, थाळी एवढे झाले की वाद्यवृंद तयार. घरात नाताळगीते सुरू झाली की मुलाला एक डबा द्यावा. हळू वाजव, जोरात वाजव, आता थांब. या तीन सूचनांत मूल ऐकायला आणि स्वतःला आवरायला शिकते. पाड्यावर ढोल वाजू लागला की चालू लागलेले मूलही पाय आपटते. त्याला हात धरून फेरात घ्यावे.

खुळखुळा करायचा असेल तर प्लास्टिकच्या बाटलीत बिया भरून झाकण घट्ट लावावे आणि त्यावरून चिकटपट्टी गुंडाळावी. खेळण्याआधी प्रत्येक वेळी झाकण तपासावे.

७. शेजारी ताट पोचवणे

सणाचे ताट शेजारी पाठवायची आपली जुनी रीत आहे. ते ताट नेताना लहान मुलाला सोबत घ्यावे. एक करंजी किंवा एक फळ त्याच्या हातात द्यावे आणि ते त्यानेच शेजारच्या आजींना द्यावे.

लहान मूल आपमतलबी असते असे आपण समजतो. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अठरा महिन्यांची मुले, कोणी न सांगता, अनोळखी माणसाची पडलेली वस्तू उचलून देताना दिसली. कॅनडातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दोन वर्षांखालील मुलांचे चेहरे पाहून नोंद केली, की खाऊ मिळाल्यापेक्षा आपला खाऊ दुसऱ्याला देताना ती अधिक आनंदी दिसतात. तेव्हा मुलाला ‘देणे’ शिकवावे लागते असे नाही, देण्याची संधी द्यावी लागते. पाड्यावरचे मूलही फक्त घेणारे नाही. त्याच्याही हातून कोणाला तरी काही जाऊ द्या.

सणात घ्यायची काळजी

आनंदाच्या गडबडीत लहान मुलाकडे लक्ष कमी होते, म्हणून हे मुद्दे वाचून इतरांनाही सांगावेत.

• लिंबापेक्षा लहान वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती एकटे असताना देऊ नये. शेंगदाणे, फुटाणे, बोराच्या बिया, चिंचोके, कडक गोळ्या श्वासनलिकेत अडकतात. शेंगदाणे द्यायचेच तर कूट करून द्यावेत. बोर बी काढून, बारीक करून द्यावे.

• फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत. फुगे मुलाच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नयेत.

• स्वस्त दिव्यांच्या खेळण्यांत आणि विजेवरच्या छोट्या मेणबत्त्यांत चपटी, बटणासारखी बॅटरी असते. ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजून गंभीर इजा होऊ शकते. गिळल्याची शंका आली तरी थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा. शक्यतो अशी खेळणी लहान मुलाच्या घरात नेऊच नयेत.

• मेणबत्ती, चूल, शेकोटी आणि गरम तेल यांपासून मुलाला दोन हात लांब ठेवावे. पेंढ्याच्या गव्हाणीजवळ मेणबत्ती लावू नये.

• वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. रानातला शुद्ध मध असला तरी नाही.

• एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. मध्यरात्रीच्या उपासनेला नेलेच, तर दुपारी निजवून, ऊबदार कपड्यांत न्यावे. ते रडले म्हणून आईकडे मान वळवून पाहू नये. त्यापेक्षा कोणी बहिणीने दहा मिनिटे मुलाला घ्यावे.

• जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार दोन वर्षांखालच्या मुलाला मोबाइल-टीव्ही दाखवूच नये. त्यापुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत. फोनवरचे नाताळगीत आणि आईच्या तोंडचे गीत मुलासाठी सारखे नसते.

वीटभट्टीवरचा नाताळ

दिवाळी संपली की पालघर, ठाणे, रायगड भागातली अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. नंदुरबारकडची कुटुंबे ऊसतोडीला जातात. नाताळात ती घरी नसतात. लहान मुले आईबापांसोबतच असतात, आणि आई पहाटेपासून कामावर असते. तिला ‘मुलासोबत रोज अर्धा तास खेळा’ असे सांगणे बरोबर नाही.

तिच्या दिवसातच जे बसेल ते सुचवावे. न्हाऊ घालताना हात, पाय, नाक, कान यांची नावे घ्यावीत. भाकरी थापताना पिठाचा गोळा द्यावा. रात्री निजवताना अंगाई म्हणावी. भट्टीवर माती भरपूर असते. मोठ्या भावंडाने त्यातूनच बैल आणि मेंढी करून द्यावी. लहान भावंडाला सांभाळणाऱ्या ताईलाही हे खेळ शिकवावेत. तीही लहानच आहे, तिलाही सणाचा खेळ हवा असतो.

भेट घेऊन जाताना

अनेक मंडळ्या, तरुण संघ आणि भगिनी मंडळे डिसेंबरात पाड्यावर किंवा भट्टीवर भेट द्यायला जातात. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण पिशवीत काय असावे याचा विचार व्हावा.

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळण्यांमध्ये खेळायला सोडले. चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणजे खेळण्यांचा ढीग नेण्याची गरज नाही. पन्नास प्लास्टिकच्या मोटारी वाटून तासाभरात परत येण्यापेक्षा पुढील गोष्टी अधिक उपयोगाच्या ठरतील.

वस्तू न्यायच्याच तर ऊबदार कपडे, कानटोपी, पांघरूण, स्वच्छ सुती कापड, मोठ्या चित्रांची जाड पानांची पुस्तके आणि मऊ कापडी चेंडू न्यावेत. खाऊ न्यायचा तर लाडू किंवा केळी. कडक गोळ्या आणि रंगीत सरबते नकोत.

फोटोसाठी मुलांना रांगेत उभे करून वाटप करू नये. लहान मूल अनोळखी माणसाला घाबरते. आधी आईशी बोलावे, आजीला नमस्कार करावा, जमिनीवर बसावे आणि मूल आपणहून जवळ येण्याची वाट पाहावी. आईला विचारल्याशिवाय फोटो काढू नये.

तासभर थांबावे आणि वरचे दोन खेळ सगळ्यांनी मिळून करावेत. गव्हाणी तिथल्याच पेंढ्याची करावी. आपण ‘शिकवायला’ न जाता, ‘आजी, तुमच्याकडे बाळाला निजवताना काय गातात?’ असे विचारावे. त्या गातील, आपण शिकू, आणि आपल्याकडची गोष्ट चांगली आहे हे त्यांच्या नातवंडांसमोर मानले जाईल. आदिवासी आईने वर्षानुवर्षे ‘तुम्हाला काही येत नाही’ हेच ऐकलेले असते. तिच्या हातची बाहुली आणि तिच्या तोंडची अंगाई बाजारातल्या खेळण्यापेक्षा मुलाला जास्त देते, हे तिला सांगणारे कोणीतरी भेटले, तर ती भेट जानेवारीतही टिकते.

शक्य असेल तर एकच पाडा निवडून तिथे पुन्हा जावे. जमैकातल्या त्या आयांकडे आरोग्यसेविका दर आठवड्याला जात होती. सण पाहून एकदाच गेली नव्हती. आपल्याला दर आठवड्याला जमणार नाही. पण नाताळानंतर पुनरुत्थानदिनाला आणि मग पावसाळ्यानंतर पुन्हा, एवढे ठरवता येते. तिथल्या अंगणवाडीताईंना विचारून, त्यांच्या कामाला जोडून जावे, त्यांना बाजूला सारून नव्हे.

आपल्या घरातही हेच करून पाहा. या आगमनकाळात एका संध्याकाळी टीव्ही बंद करा, खाली बसा, एका खोक्यात थोडे गवत टाका आणि घरातल्या सर्वांत लहान माणसाला विचारा, ‘बाळ कुठे निजेल?’ ते दाखवील तिथे गव्हाणी मांडा.

सर्व वाचकांना, त्यांच्या घरातल्या चिमुकल्यांना आणि पाड्यापाड्यांवरच्या आपल्या लेकरांना ख्रिस्तजन्माच्या शुभेच्छा.